तासगाव उतरवलं का?

भाऊंनी आयुष्यात एकही मेमरी कार्ड टाकून दिलेलं नाही. एक हरवलंय, पण भाऊंच्या हिशेबात ते हरवलेलं नाही, सापडायचं राहिलंय. 2011 च्या उन्हाळ्यात विट्याच्या एका मंगल कार्यालयात ते पडलं. अजूनही विट्याकडचं लग्न मिळालं की भाऊ वाट वाकडी करून आधी त्या कार्यालयात जातात आणि स्टेजच्या फळ्यांखाली बॅटरी मारून येतात.

भाऊ म्हणजे सांगलीतले आमचे फोटोवाले. स्टुडिओ, झेरॉक्स, पासपोर्ट साईज पाच मिनिटांत. अंगात बारा महिने चार खिशांचं खाकी जाकीट. एका खिशात रोलच्या काळ्या डब्या, राखाडी झाकणाच्या. त्यातून रोल जाऊन जमाना झाला, पण एसडी कार्ड त्या डबीत उभं बसतं, आणि डबी टाकून द्यायचा प्रश्नच नसतो. प्रत्येक कार्डावर वहिनींच्या नेलपॉलिशचा ठिपका आणि प्रत्येकाला नाव. थोरलं आठ, धाकटं आठ, कोल्हापूरचं, जोतिबाचं, लंगडं. जोतिबाचं कार्ड चैत्री यात्रेत गुलालात पडलं होतं, त्याच्या खाचांत अजून गुलाबी रेघ दिसते. मागच्या नऊ सोनेरी पट्ट्या मात्र लखलखीत, कारण भाऊ त्या दर अमावस्येला खोडरबरानं घासतात. अमावस्याच का, तर त्या दिवशी लग्न नसतं.

लंगड्याची कथा वेगळी. एसडी कार्डाच्या डाव्या कडेला कुलपाची एक इवलीशी पट्टी असते. ती खाली सरकली की कॅमेरा म्हणतो, कार्ड बंद आहे, लिहिणार नाही. लंगड्याची ती पट्टीच निखळली. दुसऱ्या कुणी कार्ड फेकलं असतं. भाऊंनी खाचेवर सेलोटेप लावली आणि कार्ड पुन्हा कामाला जुंपलं. त्या पट्टीचा आतल्या चिपेशी काही संबंध नसतो, कॅमेरा नुसता चाचपून बघतो की तिथं काही आहे का, हे ज्ञान भाऊंना कुठून मिळालं कुणास ठाऊक. बहुधा सेलोटेप लावल्यावर मिळालं.

लोक भाऊंना चिक्कू म्हणतात. मला ते पटत नाही. चहा पाजायला त्यांचा हात कधी आखडत नाही, गणपतीची वर्गणी मागायच्या आधी देतात. त्यांच्या काटकसरीचं मूळ निराळं आहे. हा माणूस रोलवर वाढला. छत्तीसचा रोल असायचा आणि भाऊ त्यातून अडतीस काढायचे. सुरुवातीची फिल्म अडकवताना अंधार करून दोन फ्रेम वाचवायच्या, ही त्यांची विद्या. कृष्णधवलच्या दिवसांत शंभर फुटी फिल्मचा डबा आणून अंधाऱ्या खोलीत हातांनी रिकाम्या कॅसेटमध्ये भरायचे. एका डब्यात छत्तीसचे अठरा रोल व्हायचे. शेवटचा तुकडा बावीसचा उरला तर त्यात बारसं बसवायचे. फोटो धुऊन झाल्यावरचा हायपोसुद्धा मोरीत जात नसे. त्यात चांदी उतरलेली असते, ती काढणारा माणूस कॅन घेऊन यायचा. बटण दाबलं की पैसे गेले, हे ज्याच्या बोटात तीस वर्षं मुरलंय, त्याच्या हातात एक दिवस डिजिटल कॅमेरा आला आणि बटण फुकट झालं. आता वाचवायचं काय? एवढी कमावलेली काटकसर कुठं ठेवायची? ती सगळीच्या सगळी कार्डावर येऊन बसली.

हजार फोटोंचं लग्न असलं तरी भाऊ आजही मुहूर्ताला मोजून तीन फोटो काढतात. एक अंतरपाट खाली येताना, एक अक्षता पडताना, एक हार घालताना. चौथा काढायचा म्हणजे त्यांच्या जिवावर येतं.

लग्नाच्या आदल्या रात्री दुकानात फॉरमॅटचा विधी होतो. तो बघायला मी मुद्दाम थांबतो. लग्न उरकून आल्यावर कार्ड पुसायचं नाही, पुढच्या कामाच्या आदल्या रात्रीच पुसायचं, आणि तेही कॅमेऱ्यातच, काँप्युटरवर नाही, हा नियम. नियम शहाणपणाचा आहे. कॅमेऱ्याला स्वतःच्या हातची मांडणी लागते, काँप्युटरनं पुसलेल्या कार्डावर भलत्याच लपलेल्या फायली राहून जातात. शटर अर्धं पाडलेलं. खुर्चीत भाऊ, समोर बारक्या. बारक्या आता चाळीस वर्षांचा आहे आणि त्याला पोट सुटलंय, पण हुद्दा तोच.

"तासगाव उतरवलं का?"

"उतरवलं."

"दोन ठिकाणी?"

"दोन ठिकाणी."

"अल्बम पोचला?"

"पोचला. कॅरिझ्मा, चाळीस पानी."

"पैसे?"

इथं बारक्या गप्प बसला तर कार्ड डबीत परत जातं. बोलला तर भाऊ डी-90 मांडीवर घेतात. त्या निकॉनला दोन बटणांशेजारी लाल अक्षरांत खूण असते. दोन्ही एकदम दाबून धरली की वरच्या छोट्या पडद्यावर अक्षरं लुकलुकतात. लुकलुकत असतानाच पुन्हा दाबायचं. भाऊ त्या दोन दाबांच्या मध्ये "तासगाव" असं स्पष्ट म्हणतात, आणि दुसऱ्या दाबाला "गेलं". बारक्या हात जोडतो की काय असं मला दरवेळी वाटतं.

पैशांच्या प्रश्नावर मात्र हा सगळा संसार अडलेला आहे. बाकी येणं असलेलं कार्ड भाऊ पुसत नाहीत. उतरवून झालेलं असो, अल्बम गेलेला असो, कार्ड तारण राहतं. समोरच्याला याचा पत्ताही नसतो. 2014 सालचं एक लग्न असंच अडकलं. मुलाकडचे म्हणाले, फोटोचे पैसे मुलीकडचे देणार होते. मुलीकडचे म्हणाले, आम्ही हॉल दिला. पुढं दोनेक वर्षांत त्या जोडप्याची सोडचिठ्ठी झाली आणि द्यायचा प्रश्नच मिटला. मी म्हटलं, "भाऊ, आता तरी पुसा. नवरा-बायकोच नाहीत, बाकी कुणाकडून वसूल करणार?" भाऊ डबी खिशात सरकवत म्हणाले, "कोर्टात वेगळे झाले असतील. कार्डावर एकत्र आहेत की."

भाऊंच्या कॅमेऱ्याची आणखी एक खोड होती. फॉरमॅट मारला की फोटोंचा नंबर पुन्हा एकपासून. ते मेनूत जाऊन बदलता येतं, पण भाऊ मेनूत जात नाहीत. त्यामुळं त्यांच्याकडचं प्रत्येक लग्न डीएससी 0001 पासून सुरू व्हायचं. गिऱ्हाईक अल्बमसाठी निवडलेले नंबर वहीच्या पानावर लिहून आणून द्यायचं आणि बारक्या ते पान चुकून दुसऱ्याच फोल्डरला लावायचा. एकदा मिरजेच्या लग्नातला एक फोटो पलूसच्या अल्बममध्ये पानभर छापला गेला. पंगतीत एकटेच बसलेले एक गृहस्थ, मठ्ठ्याचा पेला तोंडाला. मुलीकडच्यांना वाटलं, मुलाकडचे काका. मुलाकडच्यांना वाटलं, मुलीकडचे. दोन्ही बाजूंनी त्या काकांचा मान राखला. सहा महिन्यांनी डोहाळजेवणाला कुणीतरी विचारलं की त्या काकांना बोलावलं का, तेव्हा शोध लागला.

फॉरमॅट म्हणजे नेमकं काय होतं, हे मला भाऊंनीच समजावलं, आणि त्यापेक्षा चांगलं कुणी समजावू शकेल असं मला वाटत नाही. "सातबाऱ्यावरचं नाव कमी केलं," भाऊ म्हणाले, "माणूस घरातच बसलाय." शंभर टक्के खरं. कार्डावर कुठला फोटो कुठं आहे याची जी नोंद असते, ती तेवढी कोरी होते. फोटो जागच्या जागी असतात. नवा फोटो येऊन त्यांच्या उरावर बसेपर्यंत ते तिथंच राहतात. म्हणून तर लोक घाबरून धावत येतात, "भाऊ, पोरानं कार्ड फॉरमॅट केलं," तेव्हा भाऊ एकच विचारतात: त्यानंतर फोटो काढलास का? नाही म्हटलं तर "बस, चहा घे." हो म्हटलं तरी चहा मिळतो, पण भाऊ "बस" म्हणत नाहीत.

त्यांच्या एकेका कार्डानं किती लग्नं खाल्ली असतील याचा विचार करून मला काळजी वाटायची. शेवटी मी जरा वाचून काढलं. कार्डातल्या चिपेतली प्रत्येक पेशी ठरावीक वेळाच पुसून पुन्हा लिहिता येते. एका पेशीत एकच बिट ठेवणाऱ्या जुन्या, महाग चिपा लाखभर वेळा चालायच्या. दोन बिटांच्या काही हजार वेळा. आजकालच्या स्वस्त कार्डांत तीन-तीन बिट कोंबतात, त्या हजार किंवा फार तर दोन-तीन हजार वेळा. म्हणजे नवं कार्ड मोठं खरं, पण पेशीपुरतं बोलायचं तर जुनंच दमाचं. शिवाय आतला कंट्रोलर एकाच जागी घासू देत नाही, झीज सगळीकडे वाटून देतो. भाऊंचं एक कार्ड वर्षातून फार तर चाळीस वेळा काठोकाठ भरतं. हजारच वेळा धरलं तरी पंचवीस वर्षं झाली. मी हा हिशेब मोठ्या उत्साहानं त्यांना ऐकवला. भाऊंनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग लंगडं अजून किती चालेल?" या माणसाला सरासरी कळत नाही, त्याला त्याचं कार्ड कळतं. आणि ते बरोबरही आहे. कार्डं लिहून लिहून क्वचितच मरतात. ती खिशात वाकतात, धुण्यात जातात, पट्ट्या काळ्या पडतात, फळ्यांखाली पडतात.

नव्या कार्डावर भाऊंचा विश्वास नाही. त्याला कारण घडलंय. मुंबईहून एका पाहुण्यानं स्वस्तात मिळालं म्हणून 64 जीबीचं कार्ड आणून दिलं. पाकीट झकास, सोनेरी अक्षरं. भाऊंनी ते लग्नाला न नेता आधी बारक्याला सांगितलं, काठोकाठ गाणी भर आणि परत ऐकून बघ. आठ जीबीपर्यंत भीमसेनजी व्यवस्थित गायले, नववा जीबी लागला तसं सगळं मुकं. आत चिप आठचीच, वर खोटं बोलायची सोय करून ठेवलेली. काँप्युटरला ते बिनदिक्कत चौसष्ट सांगायचं. लग्नाला नेलं असतं तर हळद मिळाली असती आणि पाठवणी हवेत गेली असती. आता ते कार्ड दुकानातल्या स्पीकरला लावलंय. त्याचं नाव "खोटं आठ". रोज सकाळी अभंग वाजतात, तेही आठ जीबीच्या आतले.

पुसण्याबद्दल कुणी नावं ठेवली की भाऊंकडे हुकमी उत्तर आहे. 2009 साली पेपरात एक बातमी आली होती. अमेरिकेच्या नासानं चंद्रावरच्या पहिल्या पावलाच्या मूळ टेपा खूप शोधल्या, शेवटी कबूल केलं की त्या बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. टेपांचा तुटवडा होता म्हणे. टीव्हीवर दाखवलेलं चित्रण राहिलं, पण चंद्रावरून थेट आलेलं, जास्त स्वच्छ असं मूळ गेलं. ते कात्रण भाऊंनी लॅमिनेट करून काउंटरच्या काचेखाली ठेवलंय. "चंद्रावर जाणाऱ्यांनी पुसलं," ते म्हणतात, "मी कवठेमहांकाळचं पुसलं तर एवढं काय?"

आणि मग 2019 चा ऑगस्ट आला. आयर्विन पुलाजवळ कृष्णेनं 57 फुटांची रेघ ओलांडली आणि पाणी पेठांत शिरलं. भाऊंचं दुकान बुडालं. "दोन ठिकाणी" या शब्दांचा अर्थ तेव्हा सगळ्यांना कळला. पहिलं ठिकाण टेबलावरचा काँप्युटर, दुसरं ठिकाण टेबलाखालच्या खणातली हार्ड डिस्क. मधलं अंतर दीड हात. दोन्हीत चिखल.

पाणी ओसरल्यावर लोक घरं धुऊन काढत होते. गाद्या, धान्य, टीव्ही यांचं दुःख करायला वेळ नव्हता. पण फुगलेले, पानाला पान चिकटलेले अल्बम उन्हात ठेवताना बायका थांबायच्या. आठवडाभरात भाऊंच्या दारात रांग लागली. "भाऊ, आमचे फोटो असतील की तुमच्याकडं." दुकानात काही नव्हतं. पण जाकीट घरी होतं, वरच्या मजल्यावर, खुंटीला.

पुढचे काही दिवस भाऊ आणि बारक्या घरच्या पलंगावर पुतण्याचा लॅपटॉप घेऊन बसले. कार्डातून जुने फोटो उकरून काढायचं फुकट सॉफ्टवेअर असतं, ते नोंदींकडे बघतच नाही, सरळ आत शिरून फोटोसारखं दिसेल ते बाहेर काढतं. नावं नाहीत, सगळं एकत्र. थोरल्या आठातून एकाखाली एक गावं निघायला लागली. कॅमेरा पुसलेल्या कार्डावर सुरुवातीपासून लिहीत येतो. मोठ्या लग्नानं कार्ड भरलेलं, त्यावर नंतर एखादं बारसं, एखादी वास्तुशांत. ही छोटी कामं पुढच्या भागावर बसली आणि जुन्या लग्नांची शेपटं मागं तशीच राहिली. त्यामुळं हळद कुणाचीच मिळेना. देवक नाही, मुहूर्त नाही, अंतरपाट नाही. निघाल्या त्या पंगती, उखाणे आणि पाठवण्या. भाऊंच्या पलंगावर तीन दिवस अख्ख्या जिल्ह्याच्या नवऱ्या मुली सासरी निघाल्या होत्या. वहिनी चहा घेऊन आत यायच्या आणि डोळ्याला पदर लावून बाहेर जायच्या.

काही फोटो अर्धेच मिळाले, आणि उरलेला अर्धा भलत्याचाच. वर मुंडावळ्या, भांग, कपाळ, आणि नाकापासून खाली कुणाच्या तरी वास्तुशांतीतलं होमकुंड. ज्या बाईचं ते कपाळ होतं तिनं तोही फोटो मागून घेतला. भाऊंनी तो मॅटवर प्रिंट करून दिला. या प्रिंटांचे पैसे त्यांनी कुणाकडून घेतले नाहीत, एवढं मला पक्कं माहीत आहे, कारण वहिनींनी ते मला जरा कुरकुरतच सांगितलं.

त्या पुरातून भाऊंचं एकच लग्न हळदीपासून पाठवणीपर्यंत सलग सुखरूप वाचलं. 2014 चं. बाकी न दिलेलं. ते कार्ड पुन्हा कधी वापरलंच नव्हतं ना. बारक्यानं सगळं उघडून दाखवलं, अकराशे फोटो, एकही ओरखडा नाही. नवरा-नवरी एकमेकांना जिलेबी भरवतायत. भाऊ बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, "बघ, वेळेवर पैसे देणाऱ्यांचं नुकसान झालं."

गेल्या वर्षी भाऊंच्या लेकीचं लग्न झालं. बापानं कॅमेरा धरायचा नाही अशी तिनं अट घातली होती. फोटोला इचलकरंजीचा एक तरुण पोरगा, दोन कार्डांच्या कॅमेऱ्याचा, मुहूर्ताला भाऊंचे तीन होईपर्यंत याचे नव्वद. भाऊंनी सकाळी त्याला बाजूला घेतलं. दोन्ही कार्डांवर एकच फोटो जातोय की पहिलं भरल्यावर दुसऱ्यावर? फॉरमॅट कॅमेऱ्यात का काँप्युटरवर? कुणाचं लग्न होतं यावर आधी? उतरवलंय? पोरगं समजूतदार होतं. त्यानं भरलेली कार्डं दर दोन तासांनी भाऊंच्याच हवाली करायचं कबूल केलं. भाऊंनी ती सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवली, आणि खिशाला बटण नव्हतं म्हणून वर हात ठेवला.

तो हात दिवसभर तिथंच. कन्यादानाच्या फोटोत भाऊंचा उजवा हात पाण्याच्या धारेखाली, डावा छातीवर. सप्तपदीला छातीवर. वरमायेचे पाय धुताना छातीवर. बायका म्हणाल्या, लेक चालली, बापाचं काळीज ते. मुलाचे मामा औषधाच्या दुकानात असतात, त्यांना वेगळीच शंका आली. ते भाऊंना घाम आलेला बघून पंगतीतून उठले, खिशातली सॉर्बिट्रेटची पट्टी काढली आणि खाली वाकून विचारलं, "व्याही, दुखतंय का?"

"दुखत नाही हो. चौसष्ट जीबी आहे, दोन."

मामांनी पोराला गाडी काढायला सांगितली.